रेडिएशनला कॅन्सरची पेशी ओळखू येते का?

मधुरा_ग (धागाकर्ती)

आत्याला घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे, सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन (केमोचं औषध). सिटिंग निम्म्यावर आलीत. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की कॅन्सरच्या पेशी मरतात आणि चांगल्या पेशी सावरतात. ऐकायला बरं वाटलं. आता तिचं तोंड आतून सोलवटून निघालंय, गिळताना डोळ्यांत पाणी येतं, मानेची कातडी काळवंडलीय. हे सगळं चांगल्या पेशींचंच चाललंय ना? मग त्या सावरणार कधी? आणि मुळात ही पेशी कॅन्सरची आणि ही नाही, हे किरणांना कळतं कसं?

उपचारांवर शंका नाही. पण आत्या रोज काहीतरी विचारते आणि मी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. जाणकारांनी लिहावं. 'आमच्या ओळखीत एकांना अमुक काढ्याने बरं वाटलं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

गोगलगाय

वाचते आहे. आत्यांना लवकर आराम पडो.

लंबक

रुग्णाला कुठल्या दिशेने किती डोस द्यायचा याचा आराखडा करणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर माझ्याकडे आहे, उरलेलं जीवशास्त्रवाल्यांनी द्यावं.

किरणांना काहीही कळत नाही. लिनॅकमधून (रेडिएशनच्या मशीनमधून) निघणारा क्ष-किरण वाटेत येईल त्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, मग तो अणू गाठीतला असो की जिभेतला. निवड आम्ही करतो, आणि ती फक्त जागेची असते. सीटी स्कॅनवर डॉक्टर गाठ आखतात, तिच्याभोवती न दिसणाऱ्या सूक्ष्म फैलावासाठी जागा सोडतात, त्यावर रुग्णाच्या हालचालीसाठी आणखी काही मिलिमीटर. मास्क घालून डोकं जखडतात ते हे मिलिमीटर कमीत कमी ठेवता यावेत म्हणून. मग अनेक दिशांनी झोत सोडायचे, म्हणजे प्रत्येक दिशेच्या वाटेवरच्या भागाला थोडाथोडा डोस आणि जिथे सगळे एकत्र येतात तिथे पूर्ण.

म्हणजे आखलेल्या भागाच्या आत ज्या चांगल्या पेशी आहेत (आणि घशात त्या भरपूर असतात) त्यांनाही कॅन्सरच्या पेशीइतकाच डोस मिळतो. तिथे माझं भूमितीचं कौशल्य संपतं.

आडवा_प्रश्न

म्हणजे भिंगाने ऊन एका ठिकाणी गोळा करून कागद जाळतात, तसंच ना?

लंबक

@आडवा_प्रश्न, नाही. क्ष-किरण असे वळवून एका बिंदूत आणता येत नाहीत, ते सरळच जातात आणि गाठीच्या पलीकडूनही बाहेर पडतात. शिवाय इथे काहीही जळत नाही. रोजचा डोस साधारण 2 ग्रे असतो. 1 ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने ऊतीचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही. कातडी काळी पडते ती उष्णतेने नव्हे, कातडीच्या तळातल्या पेशींचं विभाजन अडखळल्याने आणि तिथला रंग वाढल्याने.

पेशीपुराण

उरलेल्या अर्ध्या भागावर मी लिहिते. रेडिओबायॉलॉजी (किरणांचा पेशींवर काय परिणाम होतो ते शास्त्र) शिकवते, त्यामुळे लांबण लागली तर चालवून घ्या.

एवढ्याशा ऊर्जेने पेशी मरते कारण घाव डीएनएवर बसतो. क्ष-किरणांचा बहुतेक मारा आडून होतो. पेशीत पाणीच जास्त. ते फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (दिसेल त्याच्याशी भिडणारे तुकडे) तयार होतात आणि ते डीएनएची साखळी तोडतात. 1 ग्रे मिळालेल्या एका पेशीत ढोबळमानाने हजारभर ठिकाणी डीएनएचा एक धागा तुटतो, आणि 20 ते 40 ठिकाणी दोन्ही धागे एकदम. एक धागा तुटला तर समोरचा शाबूत असतो, त्याच्यावरून दुरुस्ती होते, काही तासांत सगळं जागेवर. दोन्ही तुटले की अवघड. त्यातलेही बहुसंख्य सांधले जातात, पण एखादं टोक भलत्याच टोकाला जोडलं गेलं की गुणसूत्र विद्रूप होतं. अशी पेशी लगेच मरत नाही. ती जगते, काम करते, आणि विभाजनाची वेळ आली की गुणसूत्रांची वाटणी न जमल्याने कोसळते. कधी पहिल्याच विभाजनात, कधी दोन-चार विभाजनांनंतर.

आता मधुराताईंचा मूळ प्रश्न. 'चांगली पेशी दुरुस्त होते, कॅन्सरची होत नाही' हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. कॅन्सरची पेशीही दुरुस्ती करते, आणि काही कॅन्सर तर फार चोख करतात. मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा किरणांना सहज दाद देत नाही. उलट सेमिनोमा (वृषणाचा एक कॅन्सर) किंवा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा) थोड्या डोसने विरघळतो. फरक आहे तो सरासरीचा आणि थोडासाच. बऱ्याच कॅन्सर पेशींत दुरुस्तीच्या यंत्रणेचा एखादा भाग बिघडलेला असतो, किंवा 'नुकसान झालंय, दुरुस्ती होईपर्यंत विभाजन थांबव' असं सांगणारं p53 सारखं प्रथिन निकामी असतं. निरोगी पेशी थांबते, ही तशीच पुढे रेटते. (p53 नसल्याने काही पेशी आत्मघातही टाळतात, म्हणजे हा बिघाड कधी आपल्या पथ्यावर पडतो तर कधी त्यांच्या.)

मग एवढ्याशा फरकाने काम कसं होतं? गुणाकाराने. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा 2 ग्रेच्या एका सिटिंगनंतर गाठीतल्या 50 टक्के पेशी टिकतात आणि शेजारच्या निरोगी ऊतीतल्या 60 टक्के. एका दिवसाचा फरक किरकोळ वाटतो. अशी 30 सिटिंग झाली की शंभर कोटींपैकी गाठीत जेमतेम एक पेशी उरते आणि निरोगी ऊतीत दोनशेच्या वर. 70 टक्के टिकत असतील तर बावीस हजारांच्या वर. आणि यात मधल्या दिवसांत निरोगी पेशींनी केलेली नवी भर धरलेलीच नाही. सगळा डोस एकाच दिवशी दिला तर हा फरक फुलायला वावच मिळत नाही. रोज थोडं-थोडं देण्यामागचं मोठं कारण हे.

मधुरा_ग

बाप रे. हे पहिल्यांदाच कुणीतरी आकड्यांत सांगितलं. म्हणजे एका सिटिंगने काहीच ठरत नाही, सगळं मिळून ठरतं.

जुना_खलाशी

कॉलेजात शिकलेलं आठवतंय की भरभर विभागणाऱ्या पेशी किरणांना बळी पडतात, कॅन्सर भरभर विभागतो, म्हणून तो मरतो. एवढं साधं उत्तर असताना हा गुणाकार कशाला?

पेशीपुराण

@जुना_खलाशी, तो बर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांचा 1906 चा नियम. उंदरांच्या वृषणावर प्रयोग करून त्यांनी मांडला, आणि त्या काळात ती मोठी झेप होती. पण त्यावर सगळं टांगून ठेवता येत नाही. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी बहुतांशी निवांत बसलेल्या असतात, तरी अगदी थोड्या डोसने पटापट मरतात. लाळग्रंथीतल्या लाळ बनवणाऱ्या पेशी क्वचितच विभागतात, पण पहिल्या आठवड्यातच लाळ कमी होते. उलट तोंडाचं अस्तर, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा यांची विभाजनाची गती अनेक गाठींपेक्षा जास्त असते. नुसत्या वेगावर ठरलं असतं तर आधी ते संपले असते.

माझ्या मते वेगामुळे मुख्यतः ठरतं ते नुकसान *कधी दिसणार*. आत्यांच्या तोंडाचं अस्तर सतत वरून झिजतं आणि खालून भरलं जातं. किरणांनी खालची भरती मंदावते, वरची झीज चालूच राहते. जुना साठा संपायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून फोड तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसतात, पहिल्या दिवशी नाही. पण तळाच्या थरात ज्या मूळ पेशी वाचल्या त्या याच काळात नेहमीपेक्षा वेगाने विभागायला लागतात. सावरणं म्हणतात ते हेच. वरून दिसत नाही, पण आत सुरू झालेलं असतं. शेवटच्या सिटिंगनंतरही एक-दोन आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. मग काही आठवड्यांत अस्तर भरून येतं.

इतिहासाचं_वेड

थोडं माझ्या आवडीचं. थोडं-थोडं देण्याची युक्ती सिद्धांतातून आलेली नाही. रॉन्टगेनला 1895 मध्ये क्ष-किरण सापडले आणि वर्षभराच्या आत लोक त्यांनी गाठी भाजायला निघाले. बरीच वर्षं मोठे डोस देण्याकडे कल होता. मग पॅरिसमध्ये क्लॉड रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणावर प्रयोग केले. एकाच मोठ्या डोसने मेंढा वांझ करायचा तर वृषणावरची कातडी खराब व्हायची. तोच डोस काही दिवसांत विभागून दिला तर शुक्राणू बनणं कायमचं थांबायचं आणि कातडी मात्र वाचायची. त्यांनी वृषणाला गाठीच्या जागी धरलं आणि कातडीला निरोगी ऊतीच्या. आंरी कुतार यांनी तीच पद्धत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरला लावली आणि 1920-30 च्या दशकांत रुग्ण बरे करून दाखवले. म्हणजे आत्याच्या उपचारांचे पूर्वज थेट तेच!

पेशी मधल्या काळात दुरुस्ती करते हे प्रयोगाने दाखवलं एल्काइंड आणि सटन यांनी, 1959 मध्ये. युक्ती आधी, कारण तीसेक वर्षांनी.

गोगलगाय

मेंढ्याला बिचाऱ्याला कुणी विचारलं नसेल.

आडवा_प्रश्न

मग आठवड्यातून पाचच दिवस का? शनिवार-रविवारी पेशींनाही सुट्टी?

लंबक

सुट्टी पेशींना नाही, आम्हाला. त्यामागे जीवशास्त्र नाही, कामाचा आठवडा आहे. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी आठवड्यात पाचऐवजी सहा सिटिंग देऊन पाहिली, एकूण डोस तोच; गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण वाढलं. कारण आणखी एक शर्यत चालू असते. उपचार सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सर पेशीही वेगाने वाढायला लागतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये असा अंदाज आहे की त्यानंतरचा प्रत्येक जादा दिवस सुमारे 0.6 ग्रे डोस खाऊन टाकतो.

मधुराताई, तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट: सिटिंग चुकवू नका. 'आज अंगात त्राण नाही, उद्या जाऊ' असं वाटणं स्वाभाविक आहे, पण मग त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. खाणं जात नसेल तर नळीने अन्न देता येतं, वेदनेवर चांगली औषधं आहेत. मशीन बंद पडलं किंवा दिवस बुडलाच तर पुढे एका दिवशी दोन सिटिंग देऊन भरून काढतात. दोन्हींत किमान सहा तासांचं अंतर ठेवतात, निरोगी पेशींची दुरुस्ती आटपावी म्हणून.

सायली७७

माझ्या आईला घशाचाच होता. तिला सिगरेट सोडायला सांगितलं होतं आणि 'रेडिएशन नीट लागणार नाही' असं कारण दिलं होतं. तेव्हा वाटलं, धाक घालतायत.

पेशीपुराण

@सायली७७, धाक नव्हता. ऑक्सिजनचा संबंध आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. रॅडिकलने डीएनएला केलेली जखम ऑक्सिजन हजर असला की पक्की होते, नसला तर ती रासायनिक पातळीवरच भरून निघू शकते. त्यामुळे प्राणवायू नसलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. निरोगी ऊतीत केशवाहिन्या शिस्तीत असतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या, मध्येच बंद. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी 1955 मध्ये फुप्फुसाच्या गाठींचे काप पाहून दाखवलं की रक्तवाहिनीपासून दीडेकशे मायक्रोमीटरच्या पलीकडे पेशी मेलेल्याच असतात. त्या मेलेल्या भागाच्या काठावर अर्धपोटी पेशी तग धरून असतात, आणि त्याच किरणांना पुरून उरतात. डोसचं एकक ज्यांच्या नावाचं, ते हेच ग्रे.

म्हणजे इथे पारडं उलटं झुकलेलं आहे. निरोगी पेशींना ऑक्सिजन भरपूर, म्हणून त्यांना मार पूर्ण. गाठीतल्या काही पेशी मात्र सुरक्षित. विभागून दिल्याचा इथेही फायदा होतो. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांना ऑक्सिजन पोचू लागतो आणि पुढच्या सिटिंगला त्या सापडतात. सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, मग गाठीपर्यंत पोचणारा ऑक्सिजन आणखी घटतो.

मधुरा_ग

शेजारच्या काकू अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊन आल्यात. 'शरीरातले फ्री रॅडिकल नष्ट करतात.' वर वाचलं की रॅडिकलच काम करतात. मग?

पेशीपुराण

मग तुम्हीच उत्तर दिलंत. गोळीला कॅन्सरची पेशी आणि जिभेची पेशी वेगळी ओळखता येत नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर रेडिएशन घेणाऱ्यांना ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या मात्रा देऊन कॅनडात चाचणी झाली होती, निष्कर्ष 2005 मध्ये आले. तीव्र दुष्परिणाम कमी झाले, पण गाठ परत येण्याचा कलही वाढलेला दिसला, आणि पुढच्या विश्लेषणात तो उपचारांच्या काळात सिगरेट ओढणाऱ्यांत ठळक होता. रोजच्या जेवणातल्या फळांची-भाज्यांची चिंता करू नका. गोळ्यांच्या मोठ्या मात्रा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. काकूंचं मन मोडू नका, गोळ्या कपाटात राहू द्या.

फक्त निरोगी पेशींना वाचवण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न आहे, अमिफोस्टिन नावाचं औषध. ते निरोगी ऊतीतल्या एका एन्झाइममुळे तिथे जास्त सक्रिय होतं. पण उलट्या आणि रक्तदाब उतरणं यामुळे फारसं रुळलं नाही.

जुना_खलाशी

एक विरोधाभास सांगतो. बहिणीला स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन एका आठवड्यात पाच सिटिंगमध्ये संपवलं. इथे सगळे म्हणतायत थोडं-थोडं आणि जास्त दिवस. मग तिला कमी दिवसांत मोठे डोस का?

पेशीपुराण

फार चांगला मुद्दा. सगळ्या ऊती सिटिंगच्या आकाराला सारख्या दबत नाहीत. तोंडाचं अस्तर, कातडी आणि बहुतेक गाठी यांना एकूण डोसशी मतलब असतो, एका वेळी किती दिला याने फार फरक पडत नाही. उशिरा परिणाम दाखवणाऱ्या ऊती, म्हणजे मज्जारज्जू, मूत्रपिंड, त्वचेखालचे तंतू, यांना एका वेळचा मोठा डोस सोसत नाही. छोटा सोसतो कारण त्यांची दुरुस्ती उत्तम असते. हे मोजायला अल्फा-बीटा नावाचं गुणोत्तर वापरतात. आकडा जितका लहान, तितका एका वेळच्या मोठ्या डोसचा मार जास्त. पहिल्या गटात साधारण 10, दुसऱ्यात 3.

घशाची गाठ 10 च्या गटातली, म्हणून छोट्या सिटिंगचा फायदा निरोगी ऊतीला. पण स्तनाचा कॅन्सर 4 च्या आसपास निघाला आणि प्रोस्टेटचा त्याहून खाली. म्हणजे या गाठी स्वतःच उशिरा प्रतिसाद देणाऱ्या ऊतींसारख्या वागतात, मग त्यांना छोटे-छोटे डोस देऊन जपायचं कशाला? स्तनासाठी 25 ऐवजी 15 सिटिंग आधीच रूढ झाली होती. पाच सिटिंगमध्ये 26 ग्रे देणाऱ्या ब्रिटिश चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष 2020 मध्ये आले आणि ते तीन आठवड्यांच्या वेळापत्रकाच्या तोडीचे ठरले. तेव्हा 'माझ्या बहिणीला पाचच, तुमच्या आत्याला इतकी का' ही तुलना करू नये. गाठ वेगळी, शेजारी वेगळे.

सायली७७

उशिरा होणाऱ्या परिणामांबद्दल कुणी फार बोलत नाही, म्हणून लिहिते. आईचं तोंड भरून आलं, पण लाळ पूर्ण परतली नाही. मान निबर झालीय. मधुरा, दातांच्या डॉक्टरांशी संपर्क ठेव, आणि पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर रेडिएशन झाल्याचं आधी सांगायला आत्याला बजावून ठेव.

लंबक

+१. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो, दात काढल्यावर जखम न भरण्याचा धोका असतो. आराखडा करताना आमची खरी झटापट या उशिराच्या परिणामांशीच असते. मज्जारज्जूला साधारण 45 ते 50 ग्रेच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, कानाजवळच्या लाळग्रंथीची सरासरी 26 च्या खाली ठेवायची, जमली तर. गाठीला 70 द्यायचे असतात आणि ग्रंथी कधी कधी बोटभर अंतरावर असते. फोड दिसतात म्हणून लोक त्यांना घाबरतात. मी मज्जारज्जूला घाबरतो.

आडवा_प्रश्न

प्रोटॉन थेरपीत तरी फक्त कॅन्सरच्याच पेशी मरतात का? जाहिरातीत तसंच म्हणतात.

लंबक

जाहिरातीत काहीही म्हणतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, पलीकडे डोस जवळपास शून्य. लहान मुलांत किंवा कवटीच्या तळाशी हे मोलाचं आहे. पण जिथे पोचतो तिथे तोही भेदभाव करत नाही. पेशीवरचा परिणाम क्ष-किरणांच्या साधारण 1.1 पट धरतात, इतकाच फरक.

पेशीची खरी 'ओळख' पटते ती वेगळ्या उपचारात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन-131 पोटात दिलं की ते त्यांच्यापर्यंत स्वतः चालत जातं. 1940 च्या दशकापासून वापरात आहे. तिथेही ओळख किरणांना नसते, आयोडीन आत घेणाऱ्या पेशीची असते.

पेशीपुराण

आणि फ्लॅश, म्हणजे अतिवेगाने रेडिएशन देण्याची नवी पद्धत. 2014 मध्ये फ्रेंच गटाने उंदरांवर दाखवलं की तोच डोस सेकंदाला 40 ग्रेहून जास्त वेगाने दिला तर फुप्फुस बरंचसं वाचतं आणि गाठीवरचा परिणाम तसाच राहतो. कारणावर अजून वाद आहे. रुग्णांवरच्या चाचण्या प्राथमिक टप्प्यात आहेत, पण गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात उत्सुकता कशाची असेल तर याचीच.

मधुरा_ग

सगळ्यांचे आभार. काल आत्याला गुणाकार समजावला. तिने विचारलं, 'मग शेवटच्या दिवशी स्कॅन करून मोजून टाका ना किती उरल्या.' आणि माझी मुलं तिच्या कुशीत झोपतात, ते चालेल ना?

लंबक

मुलं खुशाल झोपू द्या. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने रुग्ण किरणोत्सारी होत नाही, मशीन बंद झालं की सगळं संपलं. काळजी घ्यावी लागते ती आयोडीन पोटात दिलेल्यांबाबत किंवा शरीरात किरणोत्सारी स्रोत ठेवलेला असताना.

पेशीपुराण

स्कॅनची घाई करून उपयोग नाही. वर लिहिलं तसं, घायाळ पेशी विभाजनाला जाईपर्यंत जिवंत दिसते. गाठ शेवटच्या सिटिंगनंतरही आठवडे-आठवडे आक्रसत असते. शिवाय सोलवटलेल्या अस्तराची सूज पीईटी स्कॅनवर (जास्त साखर खाणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या स्कॅनवर) गाठीसारखीच चमकते, आणि विनाकारण धसका बसतो. म्हणून घशाच्या बाबतीत पीईटी सहसा उपचार संपल्यावर बारा आठवड्यांच्या सुमारास करतात. तोवर तपासणीला बोलावतील तेव्हा जा, आणि आत्यांना गिळण्याचे व्यायाम शिकवले असतील तर ते दुखत असलं तरी रोज करायला लावा. गिळणं पूर्ण थांबलं की स्नायू आखडतात, आणि ते नंतर सोडवायला फार जड जातं.